खानेसुमारीतले सावरी

मी दुबईला गेले तेव्हा जेमतेम बासष्टची होते. त्या वयात आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं. आता ऐंशी ओलांडल्यावर त्या बाईकडे वळून बघते, तेव्हा तिचा कान धरून तिला कोपऱ्यात उभं करावंसं वाटतं. पण ती दुसरी तिसरी कुणी नाही, त्यामुळे कान माझाच दुखणार.

दुबईला जाऊन आलेल्यांनी सोन्याच्या बाजाराबद्दल, वाळूतल्या सफरीबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. ते त्यांच्याकडूनच वाचावं. मी सोन्याच्या बाजारात गेले नाही, कारण तोपर्यंत मला तोंड दाखवायलाच कुठे जागा उरली नव्हती. ती गोष्ट आता सांगते.

करामा

दोन हजार दोन सालचा जानेवारी होता. माझा मुलगा मिलिंद तिथल्या एका बांधकाम कंपनीत हिशेब बघायचा. करामा नावाच्या भागात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता. खाली केरळी माणसाचं किराणा दुकान. तिथे गवारीपासून कोकमापर्यंत सगळं मिळायचं, नि मी प्रत्येक जुडीचा दिरहमातला भाव तेरानं गुणून रुपयांत मोठ्यानं ओरडायची. शेवटी सून म्हणाली, "आई, तुम्ही गुणाकार केलात की मला कोथिंबीर घ्यायची लाज वाटते."

सून म्हणजे शुभदा. देवरुखची. घरातूनच डबे आणि फराळाचं करून द्यायची, स्वतः गाडी चालवत पोचवायची. पाचव्या परीक्षेत तिला लायसन मिळालं होतं आणि त्याचा तिला माझ्या मॅट्रिकपेक्षा जास्त अभिमान होता. तिच्या हातचा झुणका खुबूसबरोबर खायचा. खुबूस म्हणजे तिथली गोल, फुगून बसलेली रोटी. भाकरीची सर नाही म्हणत म्हणत मी रोज दोन खात असे.

संक्रांतीचे दिवस. शुभदानं हळदीकुंकू केलं. मुंबई-पुण्याच्या पंधरावीस बायका जमल्या, कुणाचा नवरा बँकेत, कुणाचा तेल कंपनीत. जी ती आपण इथे किती वर्षांपूर्वी आलो ते सांगत होती, जणू लवकर येण्यात काही पुण्य होतं. मला राहवलं नाही.

"माझे वडील इथे शारजाला डॉक्टर होते," मी म्हटलं. "मी जन्मायच्या आधी. तुमचं तेलसुद्धा सापडलं नव्हतं तेव्हा."

"हो का?" पुण्याच्या एक बाई म्हणाल्या. "कुठल्या हॉस्पिटलात हो?"

"हॉस्पिटलं कुठली तेव्हा? वडील हेच हॉस्पिटल."

आता खरं सांगायचं तर वडील कंपाउंडर होते. गुहागरला परत आल्यावर त्यांनी लहानसा दवाखाना घातला, गावानं त्यांना डॉक्टर म्हणायला सुरुवात केली, आणि आम्ही गावाला खोटं पाडलं नाही. वडील कडक शिस्तीचे, खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. त्यांच्या सचोटीचे दाखले अख्ख्या पंचक्रोशीत देत. त्यांच्याबद्दल एवढीशी थाप मारली तर ती त्यांच्याच कीर्तीत भर, असा माझा हिशेब.

पण नात तिथेच बसून तिळगूळ खात होती. ईशा, सहावीतली. ऊद मेथा भागातल्या शाळेत जायची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची. तिला शाळेत कुटुंबाचा वृक्ष काढायचा होता. दुसऱ्या दिवशी बघते तर कार्डबोर्डावर माझ्या वडिलांच्या चौकटीखाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, फर्स्ट डॉक्टर ऑफ शारजा.

"आजी, टीचर विल आस्क फॉर प्रूफ," ती म्हणाली.

"तुझ्या टीचरला सांग, आजी म्हणते हेच प्रूफ."

"दॅट्स नॉट प्रूफ, आजी. दॅट्स यू."

बर दुबई

पुरावा कुठे मिळेल ते मिलिंदनंच काढलं. खाडीच्या काठी जुन्या कापडबाजारात प्रागजीभाई नावाच्या कच्छी व्यापाऱ्यांचं दुकान होतं. चार पिढ्या तिथेच. त्यांचा पुतण्या लंडनला शिकायला असताना तिथून जुन्या इंग्रजी कचेरीच्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन आला होता. त्यात इंग्रजांच्या एजंटानं केलेली हिंदी रहिवाशांची खानेसुमारी होती. किती माणसं, कुठली, काय करतात.

ईशा म्हणाली, "खाने मीन्स फूड?"

"खाना म्हणजे घर गं. घरं मोजायची, म्हणजे खानेसुमारी." हे मी इतक्या ऐटीत सांगितलं की जणू तो शब्द मीच फारसीतून आणला होता.

शुभदानं गाडी पलीकडच्या काठाला लावली, कारण मला अब्रात बसायचं होतं. अब्रा म्हणजे खाडी ओलांडणारी उघडी होडी. आमच्या दाभोळच्या तरीसारखीच, फक्त इथे मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून बसायचं. मी कोकणातली, मला होडीचं काय शिकवता, म्हणत मी हात न धरता पाय टाकला आणि माझी डावी चप्पल खाडीत गेली. होडीवाल्यानं, तो चितगावचा होता, बांबूनं ती वर काढायचा प्रयत्न केला. चप्पल दोनदा वर आली, दोनदा बुडाली. "खलास," तो म्हणाला. मी एका पायात चप्पल घालून प्रागजीभाईंच्या दुकानात शिरले, तिथल्या जुन्या घरांवरचे वारा आत ओढून घेणारे चौकोनी मनोरे बघायचे राहूनच गेले.

प्रागजीभाई सत्तरीचे, धोतर नेसलेले, गादीवर बसलेले. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, नोकराला हाक मारून रबरी सपाता मागवल्या. मग वेलदोड्याचा चहा आणि कागद.

झेरॉक्स पुसट होत्या. शारजाचं पान एकच, वर दुकानदार, मोत्यांचे दलाल, एक सोनार. विमानतळाच्या मथळ्याखाली दोनचार स्वयंपाकी नि एक कारकून. मी वडिलांचं लिमये शोधत होते. वासुदेव गणेश लिमये. एल, आय, एम. वरून खाली, खालून वर.

"नाही," शुभदा म्हणाली.

"मोजणारा झोपला असेल. बरोबर डॉक्टरच सुटला."

प्रागजीभाईंनी बोट ठेवलं. "कंपाउंडर तो एक ही है, बेन. ये देखो. सावरी, हिंदू, कंपाउंडर, एरोड्रोम. वाइफ वन, फीमेल चाइल्ड वन. रत्नागिरी."

"हे वेगळे," मी लगेच म्हटलं. "वडिलांच्या हाताखालचे असतील. वडील एकटेच होते इथे, आई आमची गुहागरला."

"उनकी बेटी है. आनंदीबेन. हमारे घर में बडी हुई, माँ जल्दी गुजर गई थी. अब शारजा में लडके के पास रहती है." मग हसून म्हणाले, "आपके डॉक्टर का पता उसी से पूछो. उसके सिवा उस जमाने का मराठी कोई बचा नहीं."

आनंदी. माझं माहेरचं नाव तेच. लग्नात सासरच्यांनी बदलून सुमित्रा ठेवलं. त्या काळी दर दोन घरांआड एक आनंदी असायची, त्यामुळे मला काही वाटलं नाही. एवढंच वाटलं, की बरं झालं, आता साक्षीदार मिळाला.

शारजा

शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारीच गेलो. मी, शुभदा नि ईशा. आधी जुना विमानतळ बघितला. विमानतळ कसला, मातकट रंगाचा लहानसा किल्ला. पूर्वी विलायतेला जाणारे लोक रात्री इथे मुक्काम करत, आता तिथे संग्रहालय आहे. भोवती शहर एवढं दाटलंय, की कंट्रोल टॉवर इमारतींत हरवलेल्या आजोबांसारखा दिसतो. तिथल्या माणसानं समोरचा गजबजलेला रस्ता दाखवला. तीच जुनी धावपट्टी. मी डोळे मिटून वडिलांना तिथे उभं करून बघितलं, पांढरा कोट घालून. कोट मीच घातला त्यांना.

आनंदीबाईंचं घर जवळच, दुसऱ्या मजल्यावर. त्यांचा मुलगा दिलीप एसी दुरुस्तीचं वर्कशॉप चालवायचा, तो कामावर गेला होता. दार त्यांनीच उघडलं. बारीक, ताठ, पांढरे केस तेल लावून चापून बसवलेले, नऊवारी नव्हे, साधं पाचवारी. माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठ्या असाव्यात.

"यल्ला, या, उभ्या कशाक? बसा." त्यांचे यजमान मालवणचे सुतार, त्यामुळे मराठीत मालवणी, वर हिंदी, मधूनच अरबी. आमच्यासमोर त्यांनी कुरमुऱ्यांचे लाडू ठेवले आणि खजूर. "खजूर हयचो, गूळ कोल्हापूरचो. दोघांचा बरा जमता."

मी डॉक्टर लिमयांचं विचारलं. त्या विचारात पडल्या.

"डॉक्टर? नाय ओ. डॉक्टर कोण नव्हता. माझे वडीलच औषध देत."

"सावरी ना?" मी म्हटलं.

"हां, सावरी." त्या एकदम पुढे सरकल्या. "तुम्ही तिकडच्या. तुमच्याकडे सावरी आडनावाचे लोक असत? मी येतल्या-जातल्या सगळ्यांका विचारते. कोण म्हणतत सावर्डेकर असतील, कोण म्हणतत सावरकर. सावरी कोणाक म्हायत नाय."

"तुम्हाला हे आडनाव सांगितलं कोणी?"

"आई तेच म्हणायची. सावरी आली, सावरी जेवली, सावरी विमानाकडे गेली. मी पाच वर्षांची होतंय ते गेले तेव्हा. आई त्यापुढे फार जगली नाय. माझ्या कागदावर पण तेच हा. आनंदी सावरी."

सावरी जेवली. आणि मला हसू फुटलं.

मी हसले म्हणजे गालातल्या गालात नव्हे. माझं हसणं आमच्या घरात प्रसिद्ध होतं, शेजारची कुत्री उठून बसायची. मांडीवर थाप मारून मी म्हटलं, "अहो बाई, सावरी नव्हे, स्वारी. स्वा-री. पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आमची आजीसुद्धा म्हणायची, स्वारी बाहेर गेलीय, स्वारीचं डोकं दुखतंय. तो मोजायला आलेला कारकून कुठला तरी इराणी नाही तर सिंधी असणार. त्यानं विचारलं, घरवाल्याचं नाव काय? तुमची आई पदर ओढून म्हणाली, स्वारी. त्यानं लिहून घेतलं. म्हणजे तुमच्या वडिलांचं नाव अख्ख्या खानेसुमारीत नवरा असं लागलंय."

ईशाही हसायला लागली. मी तिला आणखी रंगवून सांगितलं, कारकुनाचा आवाज काढून, आईचा काढून. शुभदानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मला वाटलं ती दाद देतेय.

आनंदीबाई हसत नव्हत्या. लाडवाची ताटली त्यांनी अर्धवट उचलली होती, ती तशीच हातात.

"म्हणजे ता नाव नव्हे?" त्यांनी विचारलं.

"नव्हे हो."

"सर्वपित्रीक दिलीप पाणी सोडता. भटजी विचारतत, आईच्या वडिलांचं नाव? मी सांगते, सावरी." त्या थांबल्या. "एवढी वर्सां आम्ही नवऱ्याक पाणी सोडला?"

ज्या बाईजवळ बापाचं म्हणून एवढं एकच होतं, ते मी दोन मिनिटांत, नक्कल करून, तिच्याच घरात तिचेच लाडू खात खात काढून घेतलं होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुम्हाला त्यांचं आणखी काही आठवतं का? त्यावरून शोधता येईल."

"थोडासा. मला उचलून विमान दाखवायचे. आणि औषध कडू असायचा, मी तोंड उघडत नसे. तेव्हा म्हणायचे, डोळे मीट, नाक धर, समुद्र पी नि गाठ घर."

शुभदाचा हात माझ्या गुडघ्यावरून निघाला.

"मग एकदा गलबतात बसून गेले. घराकडून तार इली म्हणाले, पुढच्या गलबतानं येतंय. आई धक्क्यावर जायची." त्यांनी ताटली खाली ठेवली. "तुम्ही तिकडच्या. विचारून बघशात? एरोड्रोमवर कंपाउंडर कोण होतो? माका काय नको त्यांच्याकडून. फक्त नाव. नाव नसला तर पाणी खंय पोचतला?"

"बघते हं," मी म्हटलं.

परतीचा रस्ता

शारजात भाडी कमी, म्हणून अर्धी दुबई तिथे राहते आणि रोज हा रस्ता तुंबवते. शुक्रवार असूनही संध्याकाळी तोच प्रकार. ईशा मागच्या सीटवर झोपली.

आमची गाडी पुढे सरकली, थांबली, सरकली. शुभदा समोर बघत म्हणाली, "आई, ते डोळे मीट, नाक धर मिलिंद म्हणतो. ईशाला क्रोसीन देताना. आजोबांचं म्हणून."

"कोकणात सगळेच म्हणतात ते."

गाडी पुन्हा थांबली. "सगळेच म्हणतात का?" ती म्हणाली. "मी देवरुखची आहे."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. शेजारच्या पिकअपमध्ये कामावरून परतणारी माणसं दाटीवाटीनं बसली होती, एक जण टिफिन उघडून आतला वास घेत होता.

सचोटीचे माझे वडील. त्यांनी आम्हाला एकदा बोरं चोरली म्हणून उपाशी ठेवलं होतं. ते घरी परतल्यानंतर दोन वर्षांनी मी झाले, आणि माझं नाव त्यांनीच ठेवलं. आत्याला दुसरं ठेवायचं होतं, पण त्यांनी हट्ट धरला, हे कौतुकानं सांगितलं जायचं. मुलीवर केवढा जीव बघा.

पुन्हा करामा

पुढचे काही दिवस मी आजारी होते. आजार कुठला ते ठरत नव्हतं. सकाळी गुडघा, दुपारी पित्त. शुभदा मुगाची खिचडी करून द्यायची आणि काही विचारायची नाही, हे फार वाईट. भांडली असती तर मी तिला सहज हरवलं असतं.

मी तिच्याशी मनातच भांडले. मी म्हटलं, आमच्या आईचं काय? तीही वाटच बघत होती गुहागरला. तिला हे कळलं नाही ते बरं झालं, आता मेल्यावर तिचा अपमान कशाला? मी म्हटलं, अण्णाचं काय? अण्णा माझा धाकटा भाऊ, वडिलांचा फोटो दवाखान्यात हार घालून लावणारा. मी असंही म्हटलं, की तेव्हा दोन लग्नं करायला कायद्याची आडकाठी नव्हती. हे म्हणताना मलाच कळलं, की मी त्यांना वकील दिलाय.

अण्णाला फोन लावला. त्यानं आधी हवा विचारली, मग सोन्याचा भाव.

"अण्णा, बाबांनी शारजाचं कधी काही सांगितलं होतं तुला?"

आयएसडीची मिनिटं चालली होती.

"काका एकदा बोलले होते," तो शेवटी म्हणाला. "तिकडे कुणी होतं म्हणून. तार आईच्या आजारपणाची गेली होती. मग ते परत जायला निघाले, तर आजोबांनी पाया पडून थांबवलं. तू कशाला उकरतेस? कोण जिवंत आहे आता?"

"मुलगी आहे."

"तिला काय हवंय?"

"नाव."

"नाव म्हणजे? कागदावर?"

"नुसतं नाव, अण्णा. तोंडानं."

"मग नको देऊस," तो म्हणाला. "तोंडानं दिलं की परत घेता येत नाही."

मला त्याचा राग आला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, तो अगदी माझ्याच मनातलं बोलला होता. तो फक्त माझ्याइतक्या सभ्यपणे आजारी पडला नव्हता.

त्या दुपारी ईशा शाळेतून आली आणि वृक्षाचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आजी, आय हॅव टू सबमिट." वडिलांच्या चौकटीत डॉक्टर तसाच होता. मी तिचं खोडरबर घेतलं आणि डॉक्टर खोडून कंपाउंडर लिहिलं. कागद जरा फाटला. तिनं फक्त त्या शब्दाचं स्पेलिंग दुरुस्त केलं.

शारजा, एकटीनं

शुभदाला सांगितलं असतं तर तिनं सोडलं असतं. पण तिच्यासमोर मला ते बोलायचं नव्हतं. ती डबे पोचवायला बाहेर पडल्यावर मी टॅक्सी केली. चालक पेशावरकडचा, दाढीवाला, मला अम्माजी म्हणणारा. पत्ता माझ्याजवळ नव्हता, फक्त जुन्या विमानतळामागे, खाली बेकरी, एवढंच. तिथे प्रत्येक इमारतीखाली बेकरी. तीन बेकऱ्या हुडकल्यावर चौथ्या दारात आनंदीबाईंचा आवाज ऐकू आला, त्या खुबूसवाल्याशी अरबीत हुज्जत घालत होत्या. मला बघून त्या थांबल्या.

"सुमित्राबाई? एकट्या? काय झाला?"

"तुम्हाला नाव सांगायला आले."

त्या खुबूसचं पुडकं छातीशी धरून जिना चढल्या. वर गेल्यावर पंखा लावला, पाणी दिलं, समोर बसल्या. गॅसवर कसलीशी आमटी उकळत होती. मी आणलेलं भाषण विसरले.

"वासुदेव," मी म्हटलं. "वासुदेव गणेश लिमये. गोत्र कपि. गाव गुहागर." आणि लगेच, थांबले तर राहूनच जाईल म्हणून, "माझे वडील."

त्यांनी ओठ हलवून ते नाव म्हणून बघितलं. आवाज नाही. मग आवाजात. "वासुदेव." कपाळाला हात लावला की घाम पुसला, मला कळलं नाही.

"तुमका त्या दिवशीच कळला होता," त्या म्हणाल्या. विचारलं नव्हतं त्यांनी, सांगितलं.

"हो. ते डोळे मीट, नाक धर म्हणालात तेव्हा."

"आणि तुम्ही गेलात."

"गेले."

मला वाटलं आता त्या मला दार दाखवतील. मी दाराकडे बघूनसुद्धा घेतलं. त्यांनी वेगळंच विचारलं.

"माझा नाव कधी घ्यायचे?"

याला दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. एक, कधीच नाही, आम्हाला तुम्ही ठाऊकच नव्हता. मी दुसरं दिलं.

"रोज. दिवसातून दहा वेळा."

त्यांचा चेहरा एवढा उजळला की मला बघवेना. "खरा? कोणाजवळ घ्यायचे?"

आता पळायला वाट नव्हती. "मला हाक मारताना," मी म्हटलं. "माझं माहेरचं नाव आनंदी आहे. तुम्ही इथे राहिलात, तिकडे मी जन्मले, आणि त्यांनी तेच नाव मला ठेवलं. सुमित्रा लग्नानंतरची."

आमटी उतू गेली. त्या उठल्या, गॅस बंद केला, फडक्यानं शेगडी पुसली. इतका वेळ पुसली की मी उठून निघायच्या बेतात आले. लहानपणी सणाच्या दिवशी मला वडिलांच्या मांडीवर बसायला मिळायचं, ते हाक मारायचे, आनंदी. मी धावत जायची. आता मला वाटत होतं, हाक दुसरीकडे जायची होती आणि वाटेत मी लबाडीनं झेलली.

त्या परत येऊन बसल्या.

"बरा झाला लग्नात बदललास," त्या म्हणाल्या. एकदम एकेरी. "एका घरात दोन आनंदी म्हणजे हाक मारताना घोळ झालो असतो."

एका घरात, असं त्या म्हणाल्या. मला काही तिच्याकडे बघता येईना. मी खाली मान घालून खुबूस मोडत बसले. ती आमटी वाढत होती, आणखी वाढत होती, नको म्हटलं तरी. "खा गे. अशी किती किलोंची लाज खातंस? आमटी खा." मध्येच विचारायची, त्यांचे केस गेले होते की होते? दमा होता? रागीट होते? मी सांगत होते. बोरांची गोष्ट सांगितली तेव्हा म्हणाली, "माका कधी उपाशी ठेवल्यांनी नाय," आणि त्यात थोडी शेखी होती. ती तिला शोभली.

निघाले तेव्हा ती जिन्यापर्यंत आली. माझ्या हातात दिलीपचा फोन नंबर लिहिलेला कागद कोंबला.

"एक सांगू?" ती म्हणाली. "एवढा शोधलंस, बापाचं नाव, गोत्र, गाव. माझ्या आईचा नाव काय ता विचारूक नाय तू."

मी पायरीवर थांबले. खानेसुमारीत त्या आईच्या जागी वाइफ वन लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, हसले होते, तिच्या आवाजाची नक्कल केली होती, आठवडाभर झोपले नव्हते. पण त्या बाईला नाव असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय होतं?"

"गोदावरी."

खाली टॅक्सीवाला थांबला होता, पैसे न घेता, झाडाखाली सीट मागे करून. गाडी जुन्या धावपट्टीच्या रस्त्यावर लागली. मी मागे बसून ते नाव एकदा मोठ्यानं म्हटलं, विसरू नये म्हणून.

त्यानं आरशात बघितलं. "कौन गोदावरी, अम्माजी?"

नाशिकची नदी आहे, असं सांगणार होते. तोंडापर्यंत आलंही होतं.

"हमारे घर की हैं," मी म्हटलं.